रा म्हटलं की येते

कुत्री दत्तक देणाऱ्या संस्थेचा अर्ज चार पानी होता. पहिली दोन पानं मी उभ्या उभ्याच भरली. नाव, पत्ता, आधार क्रमांक, घर स्वतःचं की भाड्याचं, माणसं किती, आधी कधी कुत्रं पाळलंय का, पाळलं असेल तर ते कशानं गेलं. अकराव्या प्रश्नाशी हात थांबला. ‘हे जनावर आणखी बारा वर्षं जगलं, तर त्या वेळी तुमच्या घरात त्याला बघणारं कोण असेल?’

पत्र्याच्या शेडखाली एक बाक होता. त्यावर बसून आम्ही तिघं वयं मोजायला लागलो. मुलगा तेव्हा नववीत. बारा वर्षांनी तो सव्वीसचा, आणि तो सोलापुरातच असेल असं आमच्यापैकी कुणी मनात धरत नव्हतं. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं पुण्यात आहेत. हे तोवर निवृत्त झालेले, मी निवृत्तीच्या तोंडावर. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, नव्वदीला टेकलेल्या. मुलगा म्हणाला, “मी पुण्याला घेऊन जाईन की.” संस्थेच्या ताई अर्ज तपासत बसल्या होत्या. मान वर करून त्या म्हणाल्या, “तुझी इच्छा खरी आहे रे. पण होस्टेलवर कुत्रं ठेवू देत नाहीत. हा प्रश्न तुझ्या आईबाबांना आहे.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “अर्ज घरी न्या. आठ दिवसांनी आणून द्या. घाई नाही.”

ऑक्टोबर २०२४ची ही गोष्ट. प्राणी घ्यायला जाणं म्हणजे दुकानात जाऊन पसंत करणं, असा माझा समज होता. तिथं तर पसंती त्यांनी आमची करायची होती.

खरं तर मुलाला लॅब्रॅडॉर हवा होता, सहावीपासून. त्याच्या मागं लागण्यानं आम्ही शहरातल्या एका घरी पिल्लं बघायला गेलो होतो. पिल्लं गोजिरवाणीच होती. मी सहज विचारलं, “यांची आई कुठंय?” मालकानं नाखुशीनं गच्चीवर नेलं. लोखंडी पिंजऱ्यात ती पडून होती. आचळं लोंबलेली, कोपरांवरचे केस झिजून कातडी काळी पडलेली. वर्षातून दोनदा विते, असं त्यानं अभिमानानं सांगितलं. आम्ही खाली आलो, पिल्लाला हात न लावता निघालो. सात रस्ता चौकापर्यंत कुणी बोललं नाही. तिथं सिग्नलला मुलगाच म्हणाला, “आई, त्या पिंजऱ्यातल्याच कुत्रीला आणता येणार नाही का?” ते शक्य नव्हतं. पण त्या वाक्यामुळं आम्ही शहराबाहेरच्या त्या संस्थेत जाऊन पोचलो.

तिथं साठेक कुत्री होती. मला वाटलं होतं, सगळी रस्त्यावरून उचललेली असतील. ताईंनी समजावून सांगितलं तेव्हा कळलं की रस्त्यावरचं धडधाकट कुत्रं इथं ठेवतच नाहीत. २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणं त्याची नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची, कानाला खूण करायची आणि जिथून उचललं तिथंच परत सोडायचं. त्याच्या आधी २००१चे नियम होते, त्यांतही हेच होतं. कारण त्या जागेवरून कुत्रं कायमचं हटवलं की जागा रिकामी होते आणि तिथलं उष्टंखरकटं खायला बाहेरून दुसरी येतात, नसबंदी न झालेली, लस न टोचलेली. “देशात दीड कोटीच्या वर भटकी कुत्री आहेत,” ताई म्हणाल्या. घरी येऊन मी शोधलं. २०१९च्या पशुगणनेत तो आकडा १ कोटी ५३ लाख आहे, आणि त्यांतली पावणेतेरा लाखांच्या आसपास एकट्या महाराष्ट्रातली. इतक्यांना कोंडून ठेवायला जागा कोण देणार, पाणी कुठून आणणार? सोलापूरकराला पाण्याचं वेगळं सांगायला नको. आमच्या नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. संस्थेची टाकी टँकरनं भरतात.

मग इथं राहतं कोण? गाडीखाली सापडलेली, आंधळी, आणि घरातून टाकलेली. या तिसऱ्या प्रकारानं माझं डोकं सुन्न झालं. मोतीबिंदू झालेला एक म्हातारा पॉमेरेनियन होता. त्याला कुणी पिशवीत घालून गेटला अडकवून गेलं होतं. मागचे पाय गेलेला जर्मन शेफर्ड होता. आणि एक हस्की. उणे तापमानात गाडी ओढणारी ही जात. तिला मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीसला जाणाऱ्या सोलापुरात कुणी हौसेनं आणलं असेल? ओल्या पोत्यावर पोट टेकून तो नुसता धापत होता, आणि तो तर ऑक्टोबर होता. लॉकडाऊनमध्ये घरात बसून कंटाळलेल्या माणसांनी कुत्री आणली आणि ऑफिसं उघडल्यावर सोडून दिली, असं ताई सांगत होत्या. तेव्हा ओघानं आलेली काही अजून तिथंच होती.

कोण काय मागतं, हे मी त्यांना खोदून खोदून विचारलं. त्या म्हणाल्या, दहा वर्षांपूर्वी गावठी कुत्रं दत्तक घ्यायला कुणी येतच नसे. आता येतात. पुण्या-मुंबईत ‘इंडी’ म्हणून लोक कौतुकानं पाळतात, फोटो टाकतात, ते बघून इकडंही मागणी सुरू झाली. पण मागणी कशाला? पिल्लाला. दोन महिन्यांचं, नर, पांढरं नाहीतर बदामी. पिल्लांचे फोटो स्टेटसला टाकले की संध्याकाळपर्यंत फोन येतात. मोठ्या कुत्र्यासाठी महिनोन्‌महिने येत नाहीत. मादी म्हटलं की पिल्लांची भीती, नसबंदी झालीय असं सांगून पटत नाही. आणि काळी मादी असेल तर तिच्यासमोर लोक थांबतसुद्धा नाहीत. सांगोला-मंगळवेढ्याकडचे मेंढपाळ कारवानी कुत्रं आहे का विचारत येतात. त्यांना जनावराची पारख पक्की असते. पण शहरात दिवसभर साखळीला बांधून राखणीला ठेवतो म्हणणाऱ्याला ताई सरळ नाही म्हणतात.

ती शेवटच्या जाळीत होती. काळी, छातीवर रुपयाएवढा पांढरा ठिपका, डाव्या कानाला नसबंदीची खूण. वय अंदाजे तीन. अक्कलकोट रोडकडच्या भागात, एका यंत्रमागाच्या शेडजवळ टेम्पोनं तिचा मागचा पाय चिरडला होता. हाड जोडलं, पण लंगडणं राहिलं. तिला परत सोडायला गेले, तर शेड बंद पडून पत्रेसुद्धा उचलले गेले होते. लंगडं कुत्रं वाहत्या रस्त्यावर कसं सोडायचं, म्हणून ती परत इथं आली आणि चौदा महिने राहिली. चौदा महिन्यांत तिच्यासाठी एकही अर्ज आला नव्हता.

बाकीची जाळीवर झेपावत होती, भुंकत होती. ही उठलीही नाही. मुलगा खाली बसला. अर्धा तास बसला. शेवटी तिनं जागेवरून न हलता फक्त मान वळवून त्याच्याकडं बघितलं. तो म्हणाला, “हिच्या बाबतीत अकरावा प्रश्न थोडा सोपा होतो ना? तीन वर्षं तिची होऊन गेलीत.” हे मला सुचलं नव्हतं.

घरी आत्यांनी अडवलं. “कशाला आणालाव ही ब्याद? आणायचंच तर पिल्लू आणा की. मोठं कुत्रं कुणाचं होतंय का कधी?” त्यांच्याशी वाद घालायची माझी पद्धत नाही आणि हिंमतही नाही. मी अर्ज त्यांच्यासमोर ठेवला आणि अकरावा प्रश्न वाचून दाखवला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आमच्या देवघरात दत्ताची तसबीर आहे, अक्कलकोटहून आणलेली. दर गुरुवारी तिला हार असतो आणि त्या तसबिरीत दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. पूजा झाल्यावर त्या आपणहून म्हणाल्या, “आपल्या पंढरपुरात नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागं पळालं होतं, कोरडी पोळी खाऊ नको म्हणून. आणा. पण माझ्या खोलीत नको.” अर्जावर अकराव्या प्रश्नापुढं यांनी लिहिलं, ‘आम्ही दोघं. आम्ही नसलो तर मुलगा, आणि तो येईपर्यंत माझी धाकटी बहीण, तिची संमती जोडली आहे.’ नणंदेनं खरंच दोन ओळी लिहून सही करून दिली.

मग संस्थेचा एक मुलगा घर बघायला आला, इंजिनिअरिंगला असलेला. जुळे सोलापुरातलं आमचं रो-हाउस त्यानं गच्चीपासून गेटपर्यंत पाहिलं. गेटच्या गजांतलं अंतर वितीनं मोजलं. ती झोपणार कुठं, तुम्ही सगळे लग्नाला गेलात तर तिच्याजवळ कोण, शेजाऱ्यांना कल्पना दिली का, जिना किती उंच. तिच्या पायासाठी जिन्याला आडवी फळी लावा म्हणाला. आत्यांनी त्याला चहा-चिवडा दिला आणि तो गेल्यावर म्हणाल्या, “पोरीला स्थळ बघायला आल्यागत बघून गेला की.” शेजारच्या काकांना आम्ही खरंच आधी सांगितलं होतं. त्यांनी नापसंती दाखवली. आजही त्यांना ती आवडत नाही. रोज सकाळी आम्ही तिची घाण उचलतो, रात्री भुंकू देत नाही, आणि त्यांच्या दारासमोरून नेत नाही. एवढ्यावर आमचं त्यांच्याशी नीट चाललंय.

सगळं ठरूनही ताईंनी तिला लगेच दिलं नाही. “दिवाळी जाऊ दे. फटाक्यांत नवीन घरी आलेलं कुत्रं बिथरून पळतं, मग सापडत नाही.” नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात करारावर सह्या केल्या. दर वर्षी लस टोचणार, कुणाला परस्पर देणार नाही, जमलं नाही तर रस्त्यावर न सोडता परत आणून देणार. पैसे घेतले नाहीत. लसीचं कार्ड हातात दिलं आणि सांगितलं, पहिले तीन दिवस ती घाबरलेली असेल, तीन आठवड्यांत घराची घडी कळेल, आणि हे आपलं घर हे कळायला तीन महिने लागतील. तोवर लाड करायला जाऊ नका.

हे ऐकून आलो, तरी सोसवत नव्हतं. पाच दिवस ती सोफ्यामागच्या फटीत राहिली. रात्री दिवे मालवले की खायची. दोनदा हॉलमध्येच लघवी केली आणि मी फडकं घेऊन आले तर मार खायच्या तयारीनं अंग चोरून बसली. नाव ठेवलं आत्यांनी. डब्यात कारळ्याची चटणी भरता भरता म्हणाल्या, “कारळ्यासारखीच काळी तुकतुकीत हाय, कारळी म्हणा.” पण कारळी म्हणा, ये म्हणा, चुचकारा, ती कान हलवायची नाही. मुलाला वाटलं, तिला ऐकूच येत नाही. मलाही शंका आली.

महिन्याभरानं माझ्या शाळेतल्या एक बाई घरी आल्या. पूर्व भागातल्या, पद्मशाली म्हणजे विणकर समाजाच्या, घरात तेलुगू. पेपर तपासायला बसलो होतो. सोफ्यामागून काळं नाक दिसलं तसं त्या सहज, स्वतःच्या घरात बोलावं तसं म्हणाल्या, “अरे, रा! इटु रा!”

कारळी बाहेर आली. सरळ बाहेर आली. लंगडत त्यांच्या पायाशी गेली आणि शेपटीनं फरशी झोडपायला लागली. ती बहिरी नव्हती. आम्ही तिच्याशी परक्या भाषेत बोलत होतो. टेम्पोखाली येईपर्यंत तिला माग चालवणाऱ्यांनी, विड्या वळणाऱ्या बायांनी तेलुगूत हाक मारली होती, तेलुगूत भात घातला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी वर्षं याच शहरात राहून, वर्गात निम्मी पोरं तेलुगू घरांतली असून, मला हे सुचू नये! त्या दिवशी बाईंनी आम्हाला चार शब्द शिकवले. रा म्हणजे ये, तिनु म्हणजे खा. आत्यांनी ते पाठ केले. दोन दिवसांनी पाहते तर भाकरीचा तुकडा हातात घेऊन त्या “तिनु गं माय, तिनु” म्हणत होत्या. त्यांच्या खोलीत.

त्या भाकरीवर शेंगाची चटणी होती. वर्षाच्या लशीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी खाण्याचं विचारलं आणि चटणी ऐकून हात जोडले. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, थोडा थोडा रोज गेला तरी. ज्वारीची भाकरी चालेल, अंडं, उकडलेलं चिकन, फोडणी न घातलेली डाळ चालेल. द्राक्षं आणि चॉकलेट अजिबात नाही. आत्यांना हे फार लागलं. आपण मायेनं विष घालत होतो म्हणून दोन दिवस त्या नीट जेवल्या नाहीत.

सिद्धेश्वरांच्या यात्रेत, जिला आम्ही गड्डा म्हणतो, होम मैदानावर शोभेचं दारूकाम असतं. आमच्या घरापर्यंत आवाज नुसता घुमत येतो, पण कुत्र्याच्या कानाला तो केवढा असेल! जानेवारी २०२५मध्ये ती आमच्याकडं येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. खिडक्या लावल्या, पंखा मोठा केला, टीव्ही लावला. ती थरथरत आत्यांच्या खाटेखाली शिरली. आत्या खाली उतरल्या, पंचाहत्तरी ओलांडलेली बाई, गुडघे धरून फरशीवर बसल्या आणि खाटेखाली हात घालून दारूकाम संपेपर्यंत तशाच बसून राहिल्या.

पावसाळ्यात तिला गोचीडताप झाला. ताप, जेवण बंद, हिरड्या पांढऱ्या. एका दवाखान्यात पोट बिघडलंय म्हणून दोन इंजेक्शनं देऊन पाठवलं. आणखी दोन दिवस वाया गेले. मी हे मुद्दाम लिहिते. हिरड्या पांढऱ्या दिसल्या आणि ताप असला तर रक्त तपासायला सांगाच. दुसऱ्या डॉक्टरांनी तपासलं, प्लेटलेट फार उतरल्या होत्या. चार आठवडे गोळ्या. तेव्हापासून रोज संध्याकाळी तिचे कान, बोटांतल्या फटी आणि शेपटीखाली बघायचं काम मुलाचं, आणि तो दहावीच्या वर्षातही ते चुकवत नाही.

ती बरी होत होती तेव्हाच, ऑगस्ट २०२५मध्ये, सर्वोच्च न्यायालयाचा दिल्लीबद्दलचा आदेश आला. सगळी भटकी कुत्री उचलून कोंडा, असा ११ तारखेचा. २२ तारखेला तो बदलला. रेबीज झालेली आणि चावरी सोडून बाकीची नसबंदी आणि लस करून परत सोडा, आणि ज्यांना रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घ्यायचंय त्यांनी महापालिकेकडं अर्ज करावा, मात्र ते पुन्हा रस्त्यावर येता कामा नये. पण पहिला आदेश जेवढा टीव्हीवर दिसला तेवढा दुसरा दिसला नाही. ताई सांगत होत्या, त्या महिन्यात फोन खाली ठेवायला उसंत नव्हती. बहुतेक फोन आमच्या गल्लीतली उचला म्हणून. काही थोडे, आमच्या दारातलीला आत घेतो, काय करावं लागेल, असे.

तसाच एक निरोप आमच्याकडं आला. शाळेतल्या बाईंच्या गल्लीत एक विड्या वळणाऱ्या बाई राहतात. टीव्हीवर कुत्री धरून नेताना बघून त्यांनी बाईंना विचारलं होतं, “ती मागाच्या शेडजवळची आमची कर्री, तिलाबी असंच नेलं का हो?” कर्री म्हणजे काळी. पांढरा ठिपका, टेम्पो, पाय, सगळं जुळलं.

एका रविवारी त्या आल्या. स्टीलच्या डब्यात भात आणि दही. गेटमधूनच त्यांनी हाक मारली आणि कारळी जी धावली, लंगडं कुत्रं इतकं धावू शकतं हे आम्ही त्या दिवशी पाहिलं. बाई पायरीवर बसल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत तेलुगूत बोलत राहिल्या. आमच्या बाई मराठीत सांगत होत्या. पहिल्या खेपेला हिला पाच पिल्लं झाली होती, रक्ताची हगवण लागून आठ दिवसांत पाचही गेली. टेम्पोखाली आली त्या दिवशी त्या दवाखान्यात होत्या, मुलीच्या बाळंतपणाला. परत आल्यावर शोधलं, कुणाला माहीत नव्हतं. मेली असं धरून त्या गप्प बसल्या. चौदा महिने ती जाळीत होती आणि त्या पाच-सहा किलोमीटरवर होत्या.

मी विचारलं, तुम्हाला न्यायचीय का हिला? विचारताना माझा आवाज नीट नव्हता. त्यांनी नकारार्थी मान हलवली. एकच खोली, भाड्याची, मालक दारात भात ठेवू देत नाही. “तुमच्याकडं बरी हाय ती,” त्या मराठीत म्हणाल्या. आत्यांनी त्यांना ओटीत ब्लाउजपीस आणि नारळ घातला.

निघताना कारळी त्यांच्या मागं निघाली. मी पट्टा अडकवून तिला सोबत नेलं, कोपऱ्यापर्यंत. बाई रिक्षात बसल्या. रिक्षा वळून दिसेनाशी झाली तरी ती रस्त्याच्या कडेला त्याच दिशेला तोंड करून बसून राहिली. मी ओढलं नाही. ऊन चढत होतं. बऱ्याच वेळानं मी म्हटलं, “रा.”

ती उठली आणि सावकाश, लंगडत, घराकडं चालायला लागली.